एका विमानाने अडवलेली कुमक

यंदाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद झाला, खुर्च्या एकावर एक रचून झाल्या, तरी हॉलच्या दाराशी तीन मुले वाद घालत उभीच होती. राफेल श्रेष्ठ, एफ-३५ श्रेष्ठ, की आपले सुखोई, असा विषय होता. प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनवर आकडे. मला पाहून एकाने विचारले, "आजोबा, तुम्ही सांगा ना, हू वुड विन?"

मी म्हटले, "कुणाविरुद्ध, कुठे, आणि इंधन कोण भरणार?"

मी उत्तर टाळतो आहे असे त्यांना वाटले. तेवढ्यात हॉलच्या किल्ल्या मागायला माणूस आला आणि बोलणे तिथेच राहिले. ते उत्तर आता लिहून देतो.

इथल्या मुलांना टॉप ट्रम्प्सचे पत्ते ठाऊक असतात. प्रत्येक पत्त्यावर चार-पाच आकडे, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. विमानांचा संच असेल आणि हाती मिग-२१ असेल, तर डोळे मिटून 'वेग' पुकारावा. १९५० च्या दशकात आखलेले हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडते. अमेरिकेच्या आजच्या एफ-३५ चा वेग १.६ पट, फ्रान्सच्या राफेलचा १.८ पट. पत्त्यांत मिग जिंकते. प्रत्यक्षात मिगच्या वैमानिकाला एफ-३५ कुठे आहे हे कळायच्या आधीच त्याचे क्षेपणास्त्र येऊन पोचेल, कारण एफ-३५ ची सारी घडण समोरच्या रडारला चकवण्यासाठी केलेली आहे. राफेल साडेनऊ टनांपर्यंत शस्त्रे आणि इंधनाच्या टाक्या पंखांखाली वागवते. सुखोई-३० एमकेआय हे दोन माणसांचे, अवजड, लांब पल्ल्याचे विमान. नुसत्या वेगाची शर्यत केव्हाच संपली. आता शर्यत आहे ती आधी कोण पाहतो आणि पाहिलेले आपल्या माणसांना किती लवकर कळवतो, याची.

इथवर मुलांचे फोनही मला साथ देतील. पण फोनवर नसलेला एक आकडा आहे: समोर किती विमाने आहेत. तो शून्य असला म्हणजे काय होते, हे आयर्लंडच्या सैनिकांनी १९६१ साली काँगोत सोसले आहे. त्या गोष्टीत भारतीय सैनिक आहेत आणि भारतीय विमानेही आहेत. तरी आपल्या घरांत ती फारशी सांगितली जात नाही.

काँगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि दोन आठवड्यांच्या आत त्याचा तांब्याच्या खाणींचा श्रीमंत प्रांत, काटांगा, फुटून निघाला. मोईझ चोंबे हा त्याचा पुढारी, पाठीशी बेल्जियन खाणवाल्यांचे हितसंबंध आणि हाताशी गोरे भाडोत्री सैनिक. संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना पाठवली. स्वतंत्र आयर्लंडने इतक्या मोठ्या संख्येने सैनिक परदेशी पाठवण्याची ही पहिलीच वेळ. १९६१ च्या सप्टेंबरात या सेनेचा सरसेनापती आयरिश होता, जनरल शॉन मॅकओइन. काटांगात भारताची ब्रिगेड होती, तिचे प्रमुख ब्रिगेडियर के. ए. एस. राजा. आणि तिथला संयुक्त राष्ट्रांचा मुलकी प्रतिनिधी होता कॉनर क्रूझ ओब्रायन, पुढे इथे मंत्री आणि लेखक म्हणून गाजलेला. १३ सप्टेंबरला सुरू झालेल्या कारवाईचे नाव होते 'मोर्थोर'. हा शब्द हिंदी आहे असे इंग्रजी पुस्तकांतून सांगतात. मराठी कानाला मात्र ती सरळ 'मोडतोड'च ऐकू येते.

त्या वेळी जॅडोटव्हिल या खाणीच्या गावात (आजचे लिकासी) आयर्लंडच्या ३५ व्या बटालियनची 'ए' कंपनी होती. सुमारे दीडशे माणसे, बहुतेक कोवळी पोरे, आणि कमांडंट पॅट क्विनलन हा त्यांचा अधिकारी. १३ तारखेच्या सकाळी सैनिक मास म्हणजे प्रार्थनेला जमलेले असताना हल्ला झाला. हल्लेखोर काही हजार होते. क्विनलनने आल्याबरोबर खंदक खणून घेतले होते, त्या दूरदृष्टीमुळे माणसे वाचली. त्यांच्याजवळ रायफली, मशीनगन आणि लहान उखळी तोफा होत्या. विमानविरोधी तोफ नव्हती.

आणि आकाशात एक विमान आले. एकच.

ते होते फ्रेंच बनावटीचे फूगा मॅजिस्टर. याला लढाऊ विमान म्हणायचे की नाही, हाच प्रश्न आहे. नव्या वैमानिकांना जेट शिकवण्यासाठी बनवलेले हे दोन आसनी विमान, शेपूट इंग्रजी व्ही अक्षरासारखे, वेग जेमतेम सातशे किलोमीटर. पंखांखाली लहान बॉम्ब अडकवता येतात आणि नाकात दोन हलक्या मशीनगन. काटांगाने अशी तीन विमाने मिळवली होती. एक अपघातात गेले, एक संयुक्त राष्ट्रांच्या हाती लागले आणि उरले हे एक. त्या वर्षी युरोप-अमेरिकेच्या हवाईदलांत याला कोणी भाव दिला नसता. भारताच्या हंटरने ते दोन मिनिटांत पाडले असते.

पण तिथे हंटर नव्हते. शांतिसेनेला लढाऊ विमाने कशाला, असा विचार न्यूयॉर्कमध्ये झाला होता. त्यामुळे या एका शिकाऊ विमानाने चार-पाच दिवस काटांगाच्या आकाशावर राज्य केले. जॅडोटव्हिलच्या खंदकांवर ते गोळ्या झाडून जाई, बॉम्ब टाकी. संयुक्त राष्ट्रांची वाहतूक करणारी विमाने त्याने जमिनीवरच निकामी केली, म्हणून रसद हवेतून पोचवणे अवघड झाले. एलिझाबेथव्हिलहून 'ए' कंपनीच्या सुटकेला निघालेली कुमक लुफिरा नदीच्या पुलावर दोनदा अडली. दुसऱ्या खेपेला त्या तुकडीत आयरिशांबरोबर आपले गुरखे होते. पुलावर समोरून मारा आणि वरून फूगा. कुमक मागे फिरली आणि त्या वाटेवर गुरखा सैनिक मारले गेले. दीडशे आयरिश पोरांसाठी पुढे निघालेल्या त्या जवानांची आठवण दरवर्षी कोणी काढते की नाही, मला माहीत नाही. निदान आपण काढावी.

वेढ्यातल्यांना एक हेलिकॉप्टर तेवढे पोचले. त्याने पाणी आणले, पण ज्या डब्यांतून आणले त्यांत आधी पेट्रोल होते. ते पाणी पिता येईना. १७ सप्टेंबरला पाणी आणि दारूगोळा दोन्ही संपल्यावर क्विनलनने शरणागती पत्करली. पाच माणसे जखमी, मृत एकही नाही. कैदेतून सुटायला त्यांना ऑक्टोबरची अखेर उजाडली. त्याच १७ तारखेच्या रात्री संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड चोंबेशी बोलणी करायला निघाले आणि उत्तर ऱ्होडेशियातल्या एन्डोला गावाजवळ त्यांचे विमान कोसळले. ते विमान रात्री आणि वळसा घालून उडत होते, याला या फूगाची धास्ती हे एक कारण होते. तो अपघात की घातपात, याची चौकशी साठ वर्षे उलटली तरी मिटलेली नाही.

मायदेशी परतल्यावर 'ए' कंपनीच्या वाट्याला कुजबूज आली. आयरिश सैन्यात 'जॅडोटव्हिल जॅक' ही शिवी झाली होती. शरण गेलेल्यांचे पुढे काय होते, हे मराठी माणसाला पानिपतानंतरच्या बखरींपासून ठाऊक आहे. क्विनलन १९९७ मध्ये वारले. त्यांच्या माणसांना खास पदक मिळाले ते २०१७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी नेटफ्लिक्सवर चित्रपट आला होता आणि बऱ्याच आयरिश लोकांनाही ही गोष्ट तेव्हाच कळली.

आता विमानांकडे परत येतो. सप्टेंबरच्या फजितीनंतर संयुक्त राष्ट्रांनी विमाने मागितली. स्वीडनने टुन्नान ही लढाऊ जेट विमाने पाठवली, इथिओपियाने सेबर आणि भारताने आपल्या पाच नंबरच्या स्क्वाड्रनमधली सहा कॅनबेरा. कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान, झुंजीचे नव्हे. पण त्याचा पल्ला मोठा आणि आपल्या जातीला पोटाखाली चार तोफा बसवलेल्या. काँगो म्हणजे पश्चिम युरोपाएवढा देश. तिथे पल्ला हाच खरा गुण. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅनबेरांनी कोलवेझीच्या धावपट्टीवर झेप घेतली आणि तिथे उभ्या असलेल्या काटांगी विमानांची वाताहत केली. त्याच डिसेंबरात एलिझाबेथव्हिलच्या लढाईत आयरिश आणि भारतीय पुन्हा एकाच बाजूने लढले, पण या वेळी वर मान करून पाहण्याचे कारण उरले नव्हते. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया ५ डिसेंबरला तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आणि हा डिसेंबर १९६१ आपल्याला आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १८ तारखेला पुण्याहून बारा कॅनबेरा उडाली आणि त्यांनी गोव्याच्या दाबोळी विमानतळाची धावपट्टी फोडली. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटरांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. पोर्तुगिजांजवळ गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते. इमारतींना धक्का लावायचा नाही असा आदेश होता; त्यामुळे दाबोळीवरची दोन प्रवासी विमाने त्याच रात्री फुटक्या धावपट्टीवरून कशीबशी निसटली. एकाच महिन्यात, एकाच जातीचे विमान, दोन खंडांत. दोन्हीकडे ते अजिंक्य ठरले, कारण दोन्हीकडे त्याला आडवे यायला वर कोणी नव्हते. समोर एखादे सेबरचे पथक असते तर हीच कॅनबेरा दिवसाउजेडी फार काळ टिकली नसती.

पुढच्याच वर्षी चीनचे युद्ध पेटले आणि काँगोतली कॅनबेरा घरी बोलावली गेली. पण त्या युद्धात भारताने आपली लढाऊ विमाने वापरलीच नाहीत. विमाने होती, वैमानिक होते, परवानगी नव्हती. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य माझ्या पिढीच्या कानांवर लहानपणापासून पडलेले आहे. १९६५ च्या १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले तेव्हा हवाईदलप्रमुख अर्जन सिंग परवानगी मागायला याच चव्हाणांकडे गेले. तीन वर्षांपूर्वी जी परवानगी मिळाली नव्हती ती त्या दुपारी लगेच मिळाली आणि संध्याकाळच्या आत पठाणकोटहून विमाने उडाली.

त्यांत व्हॅम्पायर होती, आणि चार परत आली नाहीत. व्हॅम्पायर हे भारताचे पहिले जेट, १९४८ मध्ये आलेले. त्याच्या पुढच्या धडाचा सांगाडा प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा. १९४८ मध्ये ते अव्वल होते. १९६५ मध्ये सेबरपुढे ते म्हातारे झाले होते. त्यानंतर व्हॅम्पायरना आघाडीवरून हटवण्यात आले. छोट्या नॅट विमानांनी दोन दिवसांनी सेबरना प्रत्युत्तर दिले, ती गोष्ट भारतात सर्वांना पाठ आहे. त्या चार व्हॅम्पायरची फारशी कोणी सांगत नाही. निर्णय योग्य वेळी झाला तरी हाती असलेले विमान जुने असेल तर किंमत वैमानिक मोजतात.

गंमत अशी की त्याच सुमारास इथे डब्लिनजवळ, बाल्डोनेलला, व्हॅम्पायर हेच आयर्लंडचे सर्वांत आधुनिक विमान होते. १९५६ पासून सहा, शिकवणीच्या जातीची. ती १९७६ पर्यंत उडाली.

बाल्डोनेलचा इतिहास असा थोडक्या विमानांचाच आहे. आयरिश हवाईदलाचे पहिले विमान मार्टिनसाइड, तेही लढण्यासाठी नव्हे तर पळण्यासाठी घेतलेले: १९२१ मध्ये लंडनची बोलणी फिसकटली तर मायकल कॉलिन्सला गुपचूप उचलून आणायचे, म्हणून. शिवाजीमहाराजांच्या पेटाऱ्यांची आठवण यावी असा बेत. बोलणी यशस्वी झाली, विमान कामी आले नाही. दुसऱ्या महायुद्धात, ज्याला इथे नुसते 'इमर्जन्सी' म्हणतात, आयर्लंडने काही हरिकेन विमाने मिळवली ती वाट चुकून इथल्या शेतांत उतरलेली ब्रिटिश विमाने दुरुस्त करून. १९४७ मध्ये बारा सीफायर आली, मग व्हॅम्पायर. आणि १९७५ मध्ये व्हॅम्पायरच्या जागी आयर्लंडने कोणते विमान घेतले? फूगा मॅजिस्टर. ज्या जातीच्या एका विमानाने त्यांची कंपनी कैदेत पाठवली होती, तेच, चौदा वर्षांनी, अंगावर आयरिश खूण लावून. 'सिल्व्हर स्वॉलोज' नावाने चार फूगांचा ताफा कसरती करायचा. इथे ऐंशीच्या दशकात आलेल्या आपल्यापैकी काहींनी ती पाहिली असतील. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फूगा निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून आयर्लंडकडे एकही जेट लढाऊ विमान नाही.

आज आहे ते पिलाटस पीसी-९एम, पंख्याचे, आठ विमानांचा ताफा, २००४ मध्ये आलेला. मशीनगन आणि रॉकेट लावता येतात. वेग साधारण सहाशे किलोमीटर. म्हणजे तुम्ही सुट्टीला स्पेनला जाता ते प्रवासी विमानसुद्धा याला मागे टाकील. २०१५ च्या सुरुवातीला रशियाची टीयू-९५ जातीची जुनी अवजड बॉम्बफेकी विमाने ओळख सांगणारी यंत्रे बंद ठेवून आयर्लंडच्या किनाऱ्याबाहेरून गेली. ती आंतरराष्ट्रीय हद्दीत होती, पण युरोप-अमेरिकेच्या प्रवासी वाहतुकीचा मोठा हिस्सा याच पट्ट्यातून जातो. तीही पंख्याचीच, १९५० च्या दशकातली, तरी पीसी-९ पेक्षा वेगवान! शिवाय लष्करी प्राथमिक रडार नसल्यामुळे, यंत्र बंद केलेले विमान आयर्लंडला स्वतःहून दिसतच नाही. अशा वेळी ब्रिटनची टायफून येतात. १९५२ पासून यासाठी एक गुप्त समझोता आहे, असे इथल्या वृत्तपत्रांनी छापले आहे. सरकारने त्याबद्दल उघड काही सांगितलेले नाही आणि हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आहे. लंडनहून पळून येण्यासाठी घेतलेल्या विमानापासून सुरू झालेले हवाईदल शंभर वर्षांनी लंडनच्या विमानांवर विसंबून आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत आयर्लंडच्या संरक्षणदलांविषयीच्या आयोगाने तीन पायऱ्या मांडल्या. तिसऱ्या पायरीत बारा ते चोवीस लढाऊ विमाने होती. सरकारने जुलैमध्ये दुसरी पायरी निवडली: रडार घ्यायचे, खर्च २०२८ पर्यंत दीड अब्ज युरोवर न्यायचा, लढाऊ विमाने नाहीत.

मला विचाराल तर हा क्रम बरोबर आहे, आणि माझे इथले काही मित्र यावर माझ्याशी भांडतात. न दिसणाऱ्या शत्रूवर विमान पाठवता येत नाही. शिवाय बारा विमाने घेतली म्हणजे बारा उडत नाहीत. काही दुरुस्तीत असतात, काहींवर नवे लोक शिकत असतात, आणि चोवीस तास दोन विमाने सज्ज ठेवायची तर वैमानिक, यंत्रज्ञ, हवामानवाले, सगळ्यांच्या पाळ्या लागतात. स्वित्झर्लंडकडे तीसेक एफ-१८ होती. १७ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे इथिओपियाचे एक प्रवासी विमान त्याच्याच सहवैमानिकाने पळवून जिनिव्हाला आणले तेव्हा त्याच्या सोबतीला इटली आणि फ्रान्सची विमाने होती. स्विस विमाने का नव्हती? कचेरीची वेळ सुरू व्हायची होती. सकाळी आठला ते कामावर येत, मध्ये जेवणाची सुट्टीही असे. चोवीस तासांची व्यवस्था बसवायला त्यांना २०२० ची अखेर उजाडली. पत्त्यावरच्या आकड्यांत स्वित्झर्लंड किती वर होते!

माझ्या मित्रांचा मुद्दाही खोटा नाही. रडारवर दिसले आणि पाठवायला काही नसले, तर ते दिसणे म्हणजे जॅडोटव्हिलच्या खंदकातून फूगाकडे पाहणे. विमान घेणे हे एका वर्षाचे काम नव्हे, हे नाशिककरांना विचारा. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी निघाला. गावाला लोक अजून 'ओझर मिग'च म्हणतात. भारतात साडेसहाशेच्या वर मिग-२१ बांधली गेली, त्यासाठी फिटर, वेल्डर, तपासनीस यांच्या दोन पिढ्या तयार झाल्या, मग तिथेच सुखोई बांधणे जमले आणि २०२५ मध्ये तिथे बांधलेले तेजसही उडाले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली, बासष्ट वर्षांच्या नोकरीनंतर. त्या नोकरीत फार अपघात झाले आणि फार तरुण वैमानिक गेले, हेही ओझरच्या हिशेबात धरले पाहिजे. आयर्लंडला यातले काही आजपासून सुरू करायचे म्हटले तरी आज दाराशी वाद घालणारी मुले तिशीची होतील. मत त्यांनाच द्यायचे आहे, कारण त्यातली दोन इथेच जन्मलेली आहेत.

जाता जाता मुलींसाठी: पुण्याच्या लोहगावहून नोव्हेंबर २००९ मध्ये सुखोईतून उड्डाण केलेल्या आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. माझे वय त्याच्या जवळपास आहे. मला डब्लिन-मुंबईचे विमानसुद्धा जड जाते.

'ए' कंपनीतले बरेच जण अ‍ॅथलोनच्या कस्टुम बराकीचे होते. त्यांचे स्मारक तिथेच आहे. त्याच बराकीतून २०१२ पासून आयरिश हवाईदलाचे एक हेलिकॉप्टर रोज उडते. ते रुग्णांना खेड्यापाड्यांतून मोठ्या इस्पितळांत नेते. गॉलवेला जाताना शॅनन नदीच्या पुलावर गाडी आली की उजवी-डावीकडे नजर टाका, कधी कधी ते उतरताना दिसते.